‘येशू आपल्यासाठी मेला’: यातलं ‘साठी’ वेगवेगळ्या संस्कृतींत कसं समजावायचं?

टाचणवही (प्रश्न):

नमस्कार. ख्रिस्ती प्रायश्चित्ताच्या सिद्धान्तावर बारा तासिकांचा अभ्यासवर्ग आखायचा आहे. वर्गातली मंडळी एका पार्श्वभूमीची नसतील. काही चर्चमध्ये वाढलेली, काही कर्मसिद्धान्त मानणाऱ्या घरांतली, काही मुस्लीम, आणि काहींना पुढे आफ्रिकेत किंवा पूर्व आशियात काम करायचं आहे.

‘येशू आपल्या पापांसाठी मेला’ हे एकच वाक्य ऐकून एकाच्या डोळ्यांपुढे न्यायालय उभं राहतं, दुसऱ्याच्या यज्ञवेदी, तिसऱ्याच्या रणांगण. चौथा म्हणतो, दुसऱ्याच्या पापाची शिक्षा निरपराध माणसाला देणं हाच मुळात अन्याय आहे. यातलं कोणाचं ऐकणं चूक म्हणायचं आणि कोणाचं अपुरं, इथे गाडी अडते.

विचारायचं ते असं. मूळ भाषांतले शब्द काय सांगतात आणि आपले मराठी शब्द त्यांना कुठे साथ देतात, कुठे दगा देतात? कोणत्या समाजाला कोणतं चित्र जवळचं वाटतं आणि ते चित्र कुठे तुटतं? आणि न्यायाधीशाने आरोपीचा दंड स्वतःच्या खिशातून भरला, ही नेहमीची गोष्ट वापरावी की टाळावी?

शब्दमूळ:

आधी शब्दांची गाठ सोडवू. निम्मा गोंधळ तिथेच आहे.

मराठीत प्रायश्चित्त ‘घेतात’, ‘करतात’ किंवा ‘भोगतात’, आणि ते करणारा तोच असतो ज्याच्या हातून चूक घडली. धर्मशास्त्रातलं चांद्रायण घ्या: पौर्णिमेला पंधरा घास, मग रोज एक घास कमी, अमावास्येला उपास, पुन्हा रोज एक वाढवत पंधरापर्यंत. महिनाभर झिजतो तो दोषी माणूस. आता मराठी बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र २:२ उघडा. तिथे येशूबद्दल म्हटलंय की तोच आपल्या पापांबद्दल ‘प्रायश्चित्त आहे’. प्रायश्चित्त करतो असं नाही, प्रायश्चित्त आहे. व्याकरणाच्या दृष्टीनेही हे वाक्य कानाला अडखळवतं, आणि ते अडखळणं वर्गात मुद्दाम दाखवा. सिद्धान्ताचं सगळं वेगळेपण त्या ‘आहे’मध्ये आहे: दोषी माणसाने करायची कृती नव्हे, देवाने पुढे केलेली व्यक्ती.

जुन्या कराराच्या मूळ हिब्रूत प्रायश्चित्तासाठीचं क्रियापद ‘किप्पेर’. पुसणं, शुद्ध करणं, खंड भरून सोडवणं असे त्याचे पदर आहेत. लेवीय पुस्तकातल्या विधींमध्ये या क्रियापदाचं कर्म देव कधीच नसतो. वेदी, पवित्रस्थान यांचं ‘किप्पेर’ होतं, माणसांसाठी होतं, पण देवाला काही केलं जात नाही. याच धातूशी जोडलेला शब्द ‘कप्पोरेत’, म्हणजे कराराच्या कोशावरचं (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीवरचं) शुद्ध सोन्याचं झाकण, अडीच हात लांब आणि दीड हात रुंद. मराठी बायबल त्याला ‘दयासन’ म्हणतं. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘हिलास्तेरिओन’ हा शब्द आला आणि रोमकरांस ३:२५ मध्ये प्रेषित पौल येशूसाठी नेमका तोच शब्द वापरतो.

यावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. नव्या कराराचे अभ्यासक सी. एच. डॉड यांनी १९३१ मध्ये मांडलं की इथे अर्थ पापक्षालनाचा आहे, डाग धुण्याचा. लिऑन मॉरिस यांनी १९५५ मध्ये उलट बाजू मांडली: रोमकरांसच्या पहिल्या तीन अध्यायांत देवाच्या क्रोधाची चर्चा चालू असताना कोपशमनाचा, म्हणजे राग शांत होण्याचा अर्थ गाळता येत नाही. दोघांनाही आधार आहे. माझ्या मते वर्गात कोपशमन हा शब्द वापरायचा तर लगेच पुढचं वाक्य जोडलंच पाहिजे: त्या वचनात प्रायश्चित्त पुढे ठेवणारा स्वतः देवच आहे. रागावलेल्या देवतेला माणसाने काहीतरी देऊन शांत केलं, असं ते वाक्य म्हणत नाही.

दुसरा शब्द ‘कतल्लागे’, आपल्याकडे ‘समेट’ (रोमकरांस ५:११). इंग्रजीत या दोन्ही कल्पना ‘ॲटोनमेंट’ या एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. ‘एक होणं’ यावरून बनलेला तो शब्द टिंडेल या बायबलच्या इंग्रजी भाषांतरकाराने १५२६ च्या भाषांतरात समेटासाठी वापरला, आणि पुढे तोच शब्द लेवीय पुस्तकातल्या विधीलाही लागला. मराठी वाचकाचं भाग्य असं की आपल्याकडे प्रायश्चित्त आणि समेट वेगळे राहिले. इंग्रजी पुस्तकांवरून टिपणं काढताना हा फरक पुन्हा पुसू नका. आणखी एक बारकावा: पौलाच्या लिखाणात समेट घडवून आणणारा देव असतो आणि परत जोडलं जातं ते जग (२ करिंथ ५:१८-२०). देवाचा माणसाशी समेट ‘करवून घेतला’, असं उलट्या दिशेने तो कुठेही लिहीत नाही.

आता दगा देणारे शब्द. पहिला ‘खंडणी’. मार्क १०:४५ मधल्या ‘लुत्रोन’साठी मराठी बायबलमध्ये हाच शब्द आहे. जुन्या मराठीत ‘खंडून घेणे’ म्हणजे ठरलेली रक्कम देऊन सोडवून घेणे. त्या अर्थाने तो चपखल होता, कारण लुत्रोन म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्याची किंमत. आज मात्र खंडणी म्हटलं की खंडणीखोर आठवतो. तरुण वाचक लगेच विचारतो, ‘खंडणी मागितली कोणी? देवाने?’ हा शब्द आला की तिथेच थांबून ‘सोडवणुकीची किंमत’ असं सांगा.

दुसरा ‘जामीन’. इब्री ७:२२ मध्ये येशू चांगल्या कराराचा जामीन झाला असं आहे. अर्थ ‘जामीन राहणे’, म्हणजे दुसऱ्याच्या जबाबदारीची हमी स्वतःवर घेणे. ‘जामीन मिळणे’ हा अर्थ घेतला तर सगळं उलटतं, तात्पुरती सुटका आणि खटला अजून बाकी असं होऊन बसतं. ‘तारण’ हाही जपून वापरण्यासारखा. चर्चमध्ये त्याचा अर्थ तरून जाणं, बाहेर कर्जासाठी ठेवलेली वस्तू.

शेवटचं ‘साठी’. ग्रीकमध्ये दोन वेगळी अव्ययं आहेत. ‘अन्ती’ म्हणजे च्या ऐवजी, च्या बदल्यात. ‘हुपेर’ म्हणजे च्या वतीने, च्या हितासाठी. मार्क १०:४५ मध्ये ‘अन्ती’ आहे, पौलाच्या पत्रांत बहुतेक ठिकाणी ‘हुपेर’. मराठी ‘साठी’ दोघांनाही झाकून टाकतं. प्रत्येक वचन फळ्यावर लिहून ‘ऐवजी की वतीने?’ एवढाच प्रश्न विचारला तरी एक पूर्ण तासिका सहज भरते.

दिवाणीफौजदारी:

न्यायाधीशाच्या गोष्टीपुरतं लिहितो.

ती गोष्ट चालते, कारण तिच्यात दंड पैशांचा असतो. पैशांचा दंड कोणीही भरावा, सरकारी खजिन्याला फरक पडत नाही. पण तुरुंगवास किंवा फाशी दुसऱ्याने भोगलेली कोणताही कायदा मान्य करत नाही. ऐकणारा हुशार असेल तर नेमका इथेच बोट ठेवतो, आणि बायबलचा आधारही त्याच्या बाजूने असतो: जुन्या करारातली अनुवाद (२४:१६) आणि यहेज्केल (१८:२०) ही दोन्ही पुस्तकं सांगतात की मुलाने बापाच्या पापासाठी मरायचं नाही. म्हणजे गोष्ट दिवाणी दाव्याची सांगितली आणि निष्कर्ष फौजदारी खटल्याचा काढला, अशी ही गफलत आहे.

इतिहासातही हे दोन विचार वेगळेच होते. कँटरबरीचा आर्चबिशप ॲन्सेल्म याने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात मांडणी दिवाणी धर्तीची आहे. त्याच्या काळातल्या सरंजामी समाजात अपमानाची भरपाई अपमानित माणसाच्या दर्जाप्रमाणे ठरे. देवाचा मान अमर्याद, तेव्हा भरपाईही अमर्याद हवी, देणं माणसाला लागू, पण देण्याची ऐपत फक्त देवाला, म्हणून देव-मानव. त्याचं सूत्र आहे ‘एकतर भरपाई, नाहीतर शिक्षा’. म्हणजे ख्रिस्ताने भरपाई दिली, म्हणून शिक्षा टळली. ॲन्सेल्मच्या मांडणीत ख्रिस्ताला शिक्षा झालेलीच नाही. ऑर्लेआँ आणि बूर्ज इथे कायदा शिकलेला धर्मसुधारक कॅल्विन सोळाव्या शतकात हेच फौजदारी भाषेत आणतो: निकाल, शाप, शिक्षा, आणि ती ख्रिस्तावर. दोघांना एकाच खान्यात टाकणारी टिपणं फार दिसतात. त्यामुळे दोघांवरच्या आक्षेपांची उत्तरंही चुकतात.

गोष्ट वापरायचीच असेल तर दोन गोष्टी पाळा. न्यायाधीशाच्या जागी ‘न्यायाधीशाचा मुलगा’ कधीही आणू नका. त्रैक्याचा सिद्धान्त (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) बाजूला राहिला की रागीट बाप आणि बिचारा मुलगा असे दोन देव तयार होतात, आणि तो ठसा पुसायला फार वेळ लागतो. दुसरं, गोष्ट जिथे तुटते ते आपणच आधी सांगा. पौलाचं उत्तर ‘बदली कैदी’ असं नाही. तो म्हणतो, एक सर्वांसाठी मेला म्हणजे सर्व मेले (२ करिंथ ५:१४). ख्रिस्ताशी एकरूप झालेला माणूस ख्रिस्ताबरोबर मरतो आणि उठतो. बाहेरचा तिसरा माणूस शिक्षा भोगून निघून गेला, असं तिथे घडत नाही. कर्मसिद्धान्त मानणाऱ्याच्या ‘करावे तसे भरावे’ या प्रश्नालाही याच वाटेने उत्तर मिळतं. फळ कोणीतरी परस्पर फेडलं असं म्हणण्यापेक्षा जुना ‘मी’ ख्रिस्ताबरोबर संपला, हे म्हणणं मूळ मजकुराशी जास्त इमानी आहे.

दूरदेश:

संस्कृतींबद्दल. पूर्वेचे लोक लज्जेत विचार करतात, पश्चिमेचे अपराधात, आफ्रिकेचे भीतीत, असे तीन कप्पे हल्ली फार फिरतात. सुरुवातीला उपयोगी पडतात, पण माणूस त्या कप्प्यात बसतोच असं धरू नका. एकाच गावात, किंबहुना एकाच माणसात तिन्ही असतात. शिवाय लज्जा हा बायबलबाहेरचा विषय नाहीच. वधस्तंभ रोमी जगात गुलामांना आणि बंडखोरांना देण्याची उघडीनागडी विटंबना होती. इब्री १२:२ नेमकं तेच म्हणतं, की येशूने लज्जा तुच्छ मानून वधस्तंभ सहन केला.

चिनी भाषेत पापासाठी ‘झ्वेई’ हा शब्द आहे आणि त्याचा रोजचा अर्थ गुन्हा. ‘तुम्ही पापी आहात’ हे वाक्य ‘तुम्ही गुन्हेगार आहात’ असं पोहोचतं. ज्याने कधी चोरीमारी केली नाही तो सरळ नाही म्हणतो, आणि त्याच्या भाषेत त्याचं बरोबरच असतं. तिथे आधी नातं मांडावं लागतं: ज्याने जीवन दिलं त्याचा अवमान, त्याच्यापासून तोंड फिरवणं, घराबाहेर पडणं. न्यायालय नंतर. मात्र मान आणि अवमान हे चित्र वापरताना एक धोका आहे आणि तो साधा नाही. जिथे घराण्याची बेअब्रू रक्ताने धुतात, तिथे ‘देवाने आपला अवमान रक्ताने धुतला’ असं म्हटलं तर नको त्या प्रथेला देवाचं पाठबळ मिळतं. तिथे ठामपणे सांगायला हवं की इथे अवमानित झालेल्यानेच बेअब्रू स्वतःवर घेतली आणि अपराध्याला पुन्हा घरात मान दिला. उधळ्या मुलाच्या दृष्टान्तात बाप झगा, अंगठी, जोडे देतो ते याच अर्थाने (लूक १५:२२).

जपानमध्ये १९४६ साली काझो किटामोरी यांनी देवाच्या वेदनेला मध्यभागी ठेवून मांडणी केली. जे प्रेमाला पात्र नाहीत त्यांना कवटाळताना देवाला होणारी वेदना म्हणजे वधस्तंभ. त्यासाठी त्यांनी ‘त्सुरासा’ हा शब्द घेतला. काबुकी रंगभूमीवरच्या ‘तेराकोया’ या प्रसंगात धन्याच्या मुलाला वाचवण्यासाठी एक बाप स्वतःचा मुलगा देतो आणि दुःख गिळतो. ती घुसमट म्हणजे त्सुरासा. जपानी प्रेक्षकाला हे लगेच भिडतं. पण तुटतं कुठे तेही पाहा: तो बाप धन्याच्या उपकारांनी बांधलेला आहे. देवाच्या डोक्यावर कोणी धनी नाही. त्याने दिलं ते निष्ठेच्या ओझ्याखाली नव्हे.

न्यू गिनीमधल्या सावी लोकांचं उदाहरण तर घ्याच. १९६२ मध्ये डॉन आणि कॅरल रिचर्डसन हे मिशनरी जोडपं तिथे गेलं. सावी समाजात विश्वास संपादन करून मग घात करणं हे शौर्य मानलं जाई, त्यामुळे येशूच्या कथेतला नायक त्यांना त्याचा घात करणारा शिष्य यहूदा वाटला. पुढे दोन गावांत युद्ध पेटलं आणि तह झाला तो मूल देऊन. एका बाजूच्या बापाने आपलं मूल शत्रूच्या हातात दिलं. ते शांतीचं मूल जिवंत आहे तोवर तह अभंग. या चित्राने यहूदा खलनायक झाला, कारण शांतीच्या मुलाचा घात करण्यासारखं नीच काही नाही. आता नीट पाहा: सावी रिवाजात मूल मेलं की तह संपतो. म्हणजे इथे येशूच्या मरणावर थांबून चालतच नाही. तो उठला आणि आता मरत नाही, म्हणून तह कायम आहे. आपल्या नेहमीच्या शिकवणीत पुनरुत्थान शेवटी चिकटवलेलं असतं, इथे ते कण्यासारखं मध्यभागी येतं. एखाद्या संस्कृतीने मजकुरातला विसरलेला भाग वर काढून दाखवला, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आफ्रिकेत अनेक ठिकाणी प्रश्न ‘माझा अपराध कोण पुसेल?’ याआधी ‘माझ्यावर ज्यांची सत्ता चालते त्यांच्यापासून कोण सोडवेल?’ असा असतो. ख्रिस्ताने सत्तांवर विजय मिळवला असं सांगणारं कलस्सै २:१५ तिथे थेट लागू पडतं. घानाचे क्वामे बेडियाको यांनी इब्रीकरांस पत्राकडे लक्ष वेधलं: तिथे येशू याजकांच्या, म्हणजे लेवीच्या वंशाचा नाही, यहूदाच्या वंशाचा आहे (७:१४), म्हणजे त्याचं याजकपण रक्ताच्या नात्यावर उभं नाही. म्हणूनच तो दुसऱ्या वंशाच्या माणसासाठीही पूर्वजांच्या जागी उभा राहू शकतो. चित्र कुठे बिघडतं? सत्तांवर विजय एवढंच उरलं की येशू जास्त ताकदीचा तोडगा होऊन बसतो आणि ‘रक्त’ हा शब्द मंत्रासारखा वापरला जातो.

मुस्लीम श्रोत्यांसमोर दोन गोष्टी आधीच लक्षात असू द्या. कुराण ३५:१८ म्हणतं की ओझं वाहणारा दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही, आणि ४:१५७ वधस्तंभावरचं मरणच नाकारतं. दुसरीकडे ३७:१०७ मध्ये अब्राहामाच्या मुलाच्या जागी ‘महान बळी’ देऊन त्याला सोडवल्याचं आहे. या शेवटच्या आयतीवरून संवाद सुरू होऊ शकतो, पण तिथे ख्रिस्ती अर्थ लपलाय असा दावा करू नका. मुस्लीम परंपरेत त्या प्रसंगाचं स्वतःचं स्थान आहे, आणि दुसऱ्याच्या ग्रंथात आपला अर्थ कोंबला की समोरच्याचा विश्वास जातो.

टाचणवही:

मनापासून आभार. ‘ऐवजी की वतीने’ आणि सावी लोकांचं उदाहरण दोन्ही घेतो. एक उपप्रश्न. बळी म्हणजे काय हे दाखवायला प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी घ्यायचा विचार आहे. लोकांची पापं बकऱ्यावर ठेवून तो मारला, त्याऐवजी येशू, अशी सरळ मांडणी ठीक आहे ना?

शब्दमूळ:

नाही, हीच सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे. लेवीय १६ सावकाश वाचा, एकेक पाऊल फळ्यावर मांडा.

सातव्या महिन्याचा दहावा दिवस. मुख्य याजक साधी तागाची वस्त्रं घालतो. स्वतःच्या घराण्यासाठी एक गोऱ्हा; लोकांकडून पापार्पणासाठी दोन बकरे आणि होमार्पणासाठी एक मेंढा. बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकतात: एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी (हा रानात सोडायचा). गोऱ्हा कापल्यावर याजक वेदीवरचे निखारे धुपाटण्यात घेतो, दोन ओंजळी बारीक कुटलेला सुगंधी धूप घेतो आणि पडद्याच्या आत जातो. धुराने दयासन झाकलं जातं, नाहीतर तो मरेल. मग बोटाने रक्त दयासनाच्या पूर्वेकडच्या बाजूवर एकदा आणि समोर सात वेळा शिंपडतो. लोकांच्या बकऱ्याच्या रक्ताचंही तसंच. नंतर बाहेरची वेदी, तिच्या शिंगांना रक्त आणि सात वेळा शिंपडणं.

हे सगळं उरकल्यावर जिवंत बकरा आणतात. दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवून इस्राएलाची पापं कबूल करतात आणि त्याला रानात सोडतात. म्हणजे ज्याच्यावर पापं ठेवली तो बकरा मारला जात नाही. आणि जो मारला, त्याच्यावर पापं ठेवलेली नाहीत. त्याचं रक्त पवित्रस्थान धुतं, कारण लोकांच्या अशुद्धतेने देवाचं घर मळलं आहे असं तो अध्याय सांगतो. एक बकरा घर शुद्ध करतो, दुसरा मळ दूर घेऊन जातो. शिक्षेचा उल्लेख दोन्हीत नाही.

सोबत लेवीय ५:११ वाचायला द्या. ज्याला दोन पारवेही परवडत नाहीत त्याने एफाचा दहावा भाग, म्हणजे साधारण दोन लिटर सपीठ आणावं, आणि तेही पापार्पणच धरलं जातं. इब्री ९:२२ मध्ये नियमशास्त्राप्रमाणे रक्ताने शुद्ध होण्याबद्दल बोलताना ‘बहुतेक’ असा शब्द आहे तो यासाठी. रक्तातच काही जादू आहे, ही समजूत या एका नियमाने ढिली पडते.

वल्हांडणाचा कोकराही इथे मिसळू नका. त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं (निर्गम १२), ते गुलामीतून सुटण्याच्या रात्री. ते पापार्पण नव्हतं. नव्या करारात ही दोन्ही चित्रं येशूला लावली आहेत, पण येशू मेला तो वल्हांडणाच्या दिवसांत, प्रायश्चित्ताच्या दिवशी नव्हे. सुवार्ता लिहिणाऱ्यांनी तो काळ पुन्हा पुन्हा नोंदवला आहे.

जुनीवही:

वरच्या उत्तरांशी बरंच जुळतं, पण एक तक्रार नोंदवतो. शिक्षेचं चित्र तुम्ही फार कोपऱ्यात ढकललंत. यशया ५३ मध्ये शिक्षा त्याच्यावर पडली हे स्पष्ट आहे, आणि गलती ३:१३ तर तो आपल्याकरता शाप झाला असं म्हणतं. ते केवळ कॅल्विनच्या कायद्याच्या शिक्षणातून आलेलं नाही. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्या माणसाला हे चित्र लागतं. ‘देवाने सोडून दिलं’ एवढंच ऐकलं तर त्याला वाटतं आपल्यावर झालेलं काही मोजलंच गेलं नाही. निकाल लागतो, आणि दुष्टतेला दुष्टता म्हटलं जातं, हे न्यायालयच सांगू शकतं.

तसंच पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेचा उल्लेख राहिला. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस धर्माचार्य आयरेनियस म्हणतो, आदाम जिथे घसरला तिथून ख्रिस्ताने मानवी आयुष्य पुन्हा, आज्ञापालनाने जगून दाखवलं. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्यासाठी मुख्य शत्रू मृत्यू आणि नाश आहे. माणूस आरोपीपेक्षा रोगी जास्त. त्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात ख्रिस्त मोडून पडलेल्या दारांवर उभा आहे आणि आदाम-हव्वेला मनगटाला धरून कबरीतून ओढतोय. हात हातात घेतलेला नाही, मनगट पकडलंय. मेलेल्याला पकड घेता येत नाही. ते चित्र वर्गात नुसतं पाच मिनिटं दाखवा.

खंडणी सैतानाला दिली का, हा प्रश्नही येणारच. चौथ्या शतकातला बिशप निस्साचा ग्रेगरी म्हणे, गळाला लावलेल्या आमिषासारखं ख्रिस्ताच्या मानवपणात देवपण झाकलेलं होतं, सैतानाने ते गिळलं. त्याचाच मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी याने हे धुडकावलं: लुटारूला किंमत द्यायची? आणि पित्याला म्हणावं तर त्याने आपल्याला कैद केलंच नव्हतं. ‘कोणाला दिली?’ हा प्रश्न ताणला की रूपक फाटतं, हे तेव्हाच कळलं होतं. नायसीया (३२५), कॉन्स्टँटिनोपल (३८१), खाल्सेदोन (४५१) यांपैकी कोणत्याही परिषदेने प्रायश्चित्त ‘कसं’ घडलं याची व्याख्या बांधली नाही. ‘आमच्याकरता’ एवढंच मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कथनात ठेवलं.

शब्दमूळ:

जुनीवही, तक्रार मान्य. न्यायालय काढून टाकावं असं म्हणायचं नव्हतं. एकटं ठेवू नये, एवढंच. गलती ३:१३ मधला शाप अनुवाद २१:२३ मधून (झाडावर टांगलेला माणूस शापित) येतो, तेव्हा ते वचन त्या संदर्भासकट शिकवलं की शिक्षा आणि विटंबना दोन्ही एकत्र दिसतात.

टाचणवही, आखणीसाठी एक कामाची रीत. प्रत्येक चित्र शिकवून झालं की त्या तासिकेला नसलेल्या तीन-चार जणांना वर्गातल्या कोणीतरी ते स्वतःच्या शब्दांत सांगावं, आणि त्यांनी काय ऐकलं ते लिहून आणावं. बायबलचे भाषांतरकार अशीच चाचणी घेतात. मजकूर आधी न पाहिलेला माणूस हवा, नाहीतर तो आठवणीतून बरोबर उत्तर देतो आणि चूक झाकली जाते. ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही, उत्तर नेहमी हो येतं. असं विचारायचं: या गोष्टीत सुरुवात कोणी केली? किंमत कोणी सोसली? देव आणि येशू एका बाजूला आहेत की समोरासमोर? येशू उठला नसता तर काय बिघडलं असतं? आणि आता ऐकणाऱ्याने काय करायचं?

पहिल्याचं उत्तर ‘माणसाने’ आलं तर प्रायश्चित्त शब्दाने दगा दिला. तिसऱ्याचं ‘समोरासमोर’ आलं तर न्यायाधीशाची गोष्ट बिघडली. चौथ्याला ‘काही नाही’ आलं तर चित्र अपुरं आहे, मग ते कितीही भिडलेलं असो. पाचव्याला ‘काहीच करायचं नाही, सगळं फिटलं’ असं आलं तर रोमकरांस ६ उघडा. पौलाला हाच प्रश्न पहिल्या ओळीत पडलाय.

बारा तासिकांत चित्रं मात्र पाचच घ्या: वेदी, न्यायालय, गुलामांचा बाजार, रणांगण, घर. प्रत्येकाला दोन. पहिलीत मूळ मजकूर, दुसरीत ते चित्र एका समाजात कसं पोहोचतं आणि कुठे तुटतं. उरलेल्या दोनपैकी पहिली शब्दांना, अगदी सुरुवातीला. दुसरी मोकळी ठेवा, कारण लेवीय १६ ठरल्या वेळात कधीच संपत नाही.